पाळीव प्राण्याचा सीटी स्कॅन: प्रश्न ठरवण्यापासून रिपोर्ट समजण्यापर्यंत

कुत्र्याच्या एकाच नाकपुडीतून तीन आठवडे घट्ट शेंबूड येतोय, मधूनच शिंकेबरोबर रक्ताचे थेंब पडतात. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच सुरू झालं. एक्स-रे काढला तर त्यात दोन्ही नाकपुड्या, दात आणि कवटीची हाडं एकावर एक आलेली. मग डॉक्टर म्हणतात, "आता सीटी करून घेऊ."

हे ऐकलं की घरच्यांच्या मनात तीन प्रश्न येतात. भूल द्यावी लागेल का? त्याला झेपेल का? आणि एवढं करून नक्की काही कळेल का? पहिल्या दोन प्रश्नांवर खूप बोललं जातं, तिसरा मात्र मागे पडतो. खरं तर त्याच्यापासूनच सुरुवात करायला हवी. सीटीतून किती कळेल हे मशीन किती भारी आहे यावर कमी आणि आपण काय शोधायला निघालोय यावर जास्त अवलंबून असतं. म्हणून या लेखातल्या पायऱ्या स्कॅनच्या बऱ्याच आधीपासून सुरू होतात.

मशीन नेमकं काय बघतं

एक्स-रे म्हणजे सावली. शरीरात पुढे-मागे असलेल्या सगळ्या गोष्टींची सावली एकाच पडद्यावर पडते आणि एकमेकींत मिसळते. सीटीमध्ये एक्स-रेची नळी प्राण्याभोवती गोल फिरते, समोरच्या बाजूचे डिटेक्टर प्रत्येक कोनातून किती किरण आरपार आले ते मोजतात आणि संगणक त्यावरून शरीराच्या आडव्या चकत्या तयार करतो. हल्लीच्या मशीनमध्ये एक चकती एक मिलिमीटरची किंवा त्याहूनही पातळ असू शकते. या चकत्या एकत्र रचून तोच भाग उभा, आडवा, तिरका कसाही पाहता येतो किंवा त्याची त्रिमिती प्रतिमा करता येते.

गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या इंग्लिश अभियंत्याने हे तंत्र प्रत्यक्षात आणलं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा असा स्कॅन झाला. १९७९ साली हाउन्सफिल्ड आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. हाउन्सफिल्ड यांचं नाव आजही प्रत्येक स्कॅनमध्ये असतं, कारण ऊतींची घनता त्यांच्या नावाच्या एककात मोजतात. पाणी ०, हवा उणे १०००, चरबी साधारण उणे १००, मऊ ऊती ३० ते ६०च्या आसपास, ताजं गोठलेलं रक्त त्याहून थोडं वर आणि हाड कित्येक शेकडा ते हजाराच्याही पुढे. हे आकडे पाठ करायची गरज नाही. एवढंच लक्षात ठेवा की हाड, हवा आणि कॅल्शियम जिथे असतं तिथे सीटीला फार स्पष्ट दिसतं. दोन मऊ ऊती एकमेकींना चिकटून असतील, जसा मेंदूतला पांढरा भाग आणि करडा भाग, तर त्यांच्या आकड्यांत फरक थोडा असल्यामुळे सीटीला अडचण येते. या मशीनचं बळ आणि मर्यादा दोन्ही याच एका गोष्टीतून समजतात.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

अक्षरशः कागदावर लिहा. "एकदा सगळ्या अंगाचा स्कॅन करून बघू काय निघतं ते" हा प्रश्न होत नाही. अशा स्कॅनमध्ये बऱ्याचदा यकृतावर एखादा निरुपद्रवी ठिपका, प्लीहेवर एखादी गाठ, मणक्यावर वयोमानाची वाढ असं काहीतरी सापडतं आणि मूळ आजार बाजूला राहून त्या ठिपक्याच्या मागे धावाधाव सुरू होते.

चांगला प्रश्न असा असतो: "डाव्या नाकपुडीतला रोग मेंदूलगतच्या जाळीदार हाडापर्यंत पोचलाय का?" किंवा "पुढच्या पायाच्या हाडातली गाठ काढायची आहे, ती फुप्फुसांत पसरली आहे का?" किंवा "मूत्रनलिका मूत्राशयात जिथे उघडायला हवी तिथेच उघडते का?"

याच कागदावर खाली आणखी दोन ओळी लिहा: उत्तर 'हो' आलं तर आपण काय करणार, 'नाही' आलं तर काय करणार. दोन्ही ओळींत एकच उपचार येत असेल तर स्कॅन थांबू शकतो. मी हे कुणाला निराश करण्यासाठी सांगत नाही. खूप म्हातारं, आधीच थकलेलं जनावर असेल आणि कोणतंही निदान आलं तरी घरच्यांनी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार करायचे नाहीत असं ठरवलं असेल, तर त्याला भूल देऊन मिळालेली माहिती त्याच्या काहीच कामाची नसते. उलट उत्तरावर मोठा निर्णय अवलंबून असेल, तर स्कॅनला उशीर करण्यात नुकसान आहे.

दुसरी पायरी: सीटीच का, दुसरी तपासणी का नाही

हा प्रश्न डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. त्यात त्यांचा अपमान होत नाही आणि चांगले डॉक्टर त्याचं उत्तर आनंदाने देतात. ढोबळमानाने सांगायचं तर पोटातल्या अवयवांसाठी आणि हृदयासाठी सोनोग्राफी ही पहिली तपासणी. तिला सहसा भूल लागत नाही. मेंदू, मज्जारज्जू, स्नायुबंध यांच्यासाठी एमआरआय सरस. हाडं, नाक, कान, दात, फुप्फुसं, छातीच्या पोकळीतल्या गाठी आणि रक्तवाहिन्यांचा नकाशा यांच्यासाठी सीटी.

प्रत्येक अवयवावर सारखाच वेळ घालवण्यात अर्थ नाही, म्हणून जिथे सीटीने चित्र सगळ्यात जास्त पालटतं तिथेच थोडं थांबतो.

*नाक.* माझ्या मते सीटीचं सगळ्यात चोख काम इथलं. नाकाच्या आत कागदाच्या गुंडाळीसारखी नाजूक हाडं असतात. बुरशीचा संसर्ग झाला, विशेषतः लांब नाकाच्या कुत्र्यांत अ‍ॅस्परजिलसचा, तर ती हाडं झिजून जातात आणि आत पोकळी दिसते. कर्करोगाची गाठ असेल तर उलट जागा भरलेली दिसते आणि बऱ्याचदा मधला पडदा किंवा टाळूचं हाड खाल्लेलं असतं. अचानक सुरू झालेल्या, एकाच बाजूच्या जोरदार शिंका असतील तर गवताचं कुसळ अडकलेलं असू शकतं. कुसळ स्वतः नेहमी दिसतंच असं नाही, पण त्याच्या भोवतीची सूज नेमकी जागा दाखवते. इथे एक क्रम कटाक्षाने पाळायचा: आधी सीटी, मग नाकात दुर्बीण घालून पाहणं, मग तपासायला तुकडा काढणं, म्हणजे बायोप्सी. बायोप्सी आधी झाली की नाकात रक्त साचतं आणि स्कॅनमध्ये ते रक्त कोणतं आणि रोग कोणता हे वेगळं करणं अवघड होतं. शक्य असेल तर एकाच भुलेत तिन्ही कामं याच क्रमाने उरकतात.

*कान.* मांजर डोकं एका बाजूला कलतं करतंय, एका डोळ्याची बाहुली बारीक झालीय, तिसरी पापणी वर आलीय, अशा वेळी मधल्या कानाची हाडाची कुपी पाहावी लागते. कानाच्या पडद्यापलीकडे काय आहे ते बाहेरून कितीही पाहिलं तरी कळत नाही. तरुण मांजरांत याच कुपीतून किंवा घशाकडे जाणाऱ्या नळीतून मांसल पॉलिप वाढतो. तो नुसता ओढून काढायचा की कुपी उघडून साफ करायची, हे ठरवायला सीटीची मदत होते.

*दात.* ससे आणि गिनिपिग यांचे दात आयुष्यभर वाढत राहतात. तोंड उघडून दिसतो तो दाताचा थोडासाच भाग. मुळं उलट्या दिशेने वाढून डोळ्यामागे गळू करतात किंवा अश्रुनलिका दाबतात. डोळ्यातून सतत पाणी वाहणाऱ्या सशाचा खरा आजार दातात असणं मुळीच दुर्मिळ नाही. कवटीच्या एक्स-रेमध्ये डाव्या-उजव्या दातांच्या ओळी एकमेकींवर येतात, सीटीत प्रत्येक मूळ वेगळं दिसतं.

*कोपर.* लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशा जातींचं पिल्लू पाच-सहा महिन्यांचं होतं आणि पुढचा पाय आखडून चालू लागतं. विश्रांतीनंतर उठताना जास्त. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचं एक छोटं टोक असतं, त्याला भेग जाते किंवा तुकडा सुटतो. सुरुवातीला एक्स-रे जवळजवळ नॉर्मल येतो, कारण ते टोक दुसऱ्या हाडाच्या सावलीत असतं. सीटीत भेग दिसते. स्कॅन करताना दोन्ही कोपरं करून घ्या, कुत्रा एकाच पायाने लंगडत असला तरी. हा दोष बऱ्याचदा दोन्हीकडे असतो आणि जास्त दुखणारा पाय दुसऱ्याचं दुखणं झाकून टाकतो. सांध्याच्या कूर्चेची अवस्था मात्र सीटीत नीट कळत नाही, त्यासाठी सांध्यात दुर्बीण घालावी लागते.

*मणका.* डॅक्सहुंडसारख्या लांब पाठीच्या, आखूड पायांच्या जातींत मणक्यांमधली गादी लवकर सुकते, तिच्यात कॅल्शियम साठतं आणि एके दिवशी ती वर सरकून मज्जारज्जूला दाबते. कॅल्शियम असल्यामुळे ती सीटीत पांढरीशुभ्र दिसते आणि तपासणी काही मिनिटांत होते. पण गादीत कॅल्शियम नसेल, मज्जारज्जूला सूज असेल किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटला असेल, तर सीटी नॉर्मल येऊनही कुत्रा चालू शकत नाही. तिथे एमआरआय लागतो. आणि एक गोष्ट ठळकपणे: मागचे पाय अचानक लुळे पडले असतील तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. मागच्या पायाची बोटं जोरात दाबूनही कुत्र्याला कळत नसेल तर तासातासाने बरं होण्याची शक्यता कमी होत जाते. कोणतं मशीन चांगलं हा वाद नंतर, जे त्या क्षणी उपलब्ध आहे ते करून घ्या.

*छाती.* एखाद्या गाठीचं ऑपरेशन करायचं तर ती फुप्फुसांत पसरली आहे का हे आधी बघतात. एक्स-रेमध्ये गाठ साधारण ५ ते ७ मिलिमीटरची झाली की दिसू लागते, सीटीत १ ते २ मिलिमीटरचीही दिसते. पायाच्या हाडाचा कर्करोग असलेल्या कुत्र्याचा पाय काढायचा की नाही, हा निर्णय घेणाऱ्या कुटुंबाला हे चार मिलिमीटर फार मोठे असतात. तरी अगदी बारीक प्रत्येक ठिपका म्हणजे कर्करोग नव्हे. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या फुप्फुसांत हाडासारखे कडक, निरुपद्रवी कण सर्रास असतात.

*पोट.* इथे बहुतेक वेळा सोनोग्राफी आधी होते आणि सीटी नकाशा काढायला येते. किडनीजवळच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीची गाठ शेजारच्या महाशिरेत घुसली आहे का? यकृतातला गोळा एकाच खंडात आहे की मुळाशी चिकटलेला? लहानपणापासून मादी पिल्लू बसल्या जागी लघवी गळत असेल तर मूत्रनलिका चुकीच्या ठिकाणी उघडते का? आणि सर्वांत देखणं उदाहरण म्हणजे यकृताला वळसा घालून जाणारी जन्मजात रक्तवाहिनी. यॉर्कशायर टेरियर, माल्टीज अशा छोट्या जातींत ती सहसा यकृताबाहेर असते, मोठ्या जातींत यकृताच्या आत. पिल्लू खुरटं राहतं, जेवणानंतर गुंगल्यासारखं वागतं, भिंतीला डोकं टेकून उभं राहतं. सीटीमध्ये ती वाहिनी कुठून निघते, कुठे मिळते आणि किती रुंद आहे हे शल्यचिकित्सकाला चाकू हातात घेण्याआधी दिसतं.

अपघाताबद्दल थोडक्यात: कवटी, जबडा आणि कंबरेच्या हाडांचे तुकडे सीटीत एक्स-रेपेक्षा कितीतरी जास्त स्पष्ट दिसतात. पण आधी श्वास, रक्तदाब आणि रक्तस्राव सावरायचा, मगच स्कॅन. कासवांसाठी सीटी विशेष उपयोगी, कारण कवचाच्या सावलीत एक्स-रे गुदमरतो. पक्ष्यांच्या हवेच्या पिशव्यांतल्या बुरशीसाठीही ती चांगली.

तिसरी पायरी: भुलेची तयारी

माणसाला "हलू नका, श्वास रोखा" असं सांगता येतं. प्राण्याला नाही. म्हणून बहुतेक वेळा पूर्ण भूल, काही वेळा खोल गुंगी द्यावी लागते. खूप धाप लागलेल्या छोट्या जनावराला कधीकधी ऑक्सिजन सोडलेल्या पारदर्शक पेटीत ठेवून, भूल न देताच स्कॅन करतात. प्रतिमा थोडी कमी सुबक येते, पण तेवढ्या परिस्थितीत ती पुरते.

भुलेआधी रक्त तपासणी होते: रक्तपेशी, किडनी, यकृत, साखर. वयस्क मांजराची थायरॉइड आणि रक्तदाबही तपासून घ्यावेत. हृदयात कुरकुर ऐकू येत असेल तर हृदयाची सोनोग्राफी आधी करायची. पग आणि फ्रेंच बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांबद्दल भूलतज्ज्ञांशी वेगळं बोला. त्यांच्या बाबतीत भूल चढतानापेक्षा उतरताना, श्वासनलिकेतली नळी काढल्यानंतर जास्त जपावं लागतं.

उपाशी ठेवण्याबद्दल सर्वांत जास्त गोंधळ होतो. प्रौढ कुत्रा आणि मांजर यांना साधारण ६ ते १२ तास अन्न देत नाहीत. नेमके किती तास, ते तुमच्या केंद्राने सांगितलं असेल तेच पाळा, कारण हल्ली बरेच भूलतज्ज्ञ हा वेळ कमी ठेवतात. पाणी शेवटच्या काही तासांपर्यंत चालतं. अगदी लहान पिल्लांना इतका वेळ उपाशी ठेवलं तर साखर घसरते, त्यांचा उपास एक-दोन तासांचाच. आणि सशाला किंवा गिनिपिगला रात्रभर उपाशी ठेवायचं नाही. ससा उलटी करू शकत नाही, त्यामुळे उपाशी ठेवण्याचं मुख्य कारणच उरत नाही. उलट आतडी थांबली तर जीव धोक्यात येतो. फोनवर कुणी सरसकट "रात्रीपासून काही देऊ नका" असं सांगितलं, तर आपलं जनावर ससा आहे हे पुन्हा एकदा ठासून सांगा.

मधुमेही प्राण्याचं इन्सुलिन, हृदयाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या, फिटच्या गोळ्या आणि दुखण्यावरच्या गोळ्या यांची यादी करा आणि प्रत्येक औषधापुढे "त्या सकाळी द्यायचं की नाही" हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. फिटचं औषध सहसा चुकवत नाहीत. इन्सुलिनचा डोस बहुधा बदलावा लागतो, पण तो अंदाजाने बदलू नका.

सोबत न्यायच्या गोष्टी: आधीचे एक्स-रे आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्ताचे रिपोर्ट, औषधांची यादी, पूर्वी कधी भुलेचा त्रास झाला असेल तर त्याची माहिती आणि घरात काढलेला व्हिडिओ. लंगडणं, झटका, विचित्र श्वास यांचा मोबाइलवरचा वीस सेकंदांचा व्हिडिओ फार मोलाचा असतो, कारण दवाखान्यात घाबरलेलं जनावर बऱ्याचदा नीट चालून दाखवतं.

चौथी पायरी: स्कॅनच्या खोलीत काय होतं

गळ्यातला पट्टा, बिल्ला, धातूचं सगळं काढतात. धातूमुळे प्रतिमेत पांढऱ्या-काळ्या रेघा उठतात. त्वचेखालची मायक्रोचिप काढायची गरज नाही, ती छोटीशी खूण सोडते एवढंच. शिरेत सुई लावतात, भूल देतात, श्वासनलिकेत नळी घालतात आणि जनावराला टेबलावर सरळ, समतोल झोपवतात. हा समतोल दिसतो तेवढा किरकोळ नाही. डोकं किंचित तिरकं राहिलं तर डावी-उजवी बाजू ताडून पाहता येत नाही, आणि दोन बाजूंची तुलना हा निदानाचा अर्धा भाग असतो.

छातीचा स्कॅन असेल तर तो सगळ्यात आधी आणि जनावराला पोटावर झोपवून करावा. भुलेत एका कुशीवर बराच वेळ पडून राहिलं की खालचं फुप्फुस दबतं, त्यातली हवा जाते आणि तो भाग आजारी असल्यासारखा दिसतो. भूलतज्ज्ञ दोन-चार मोठे श्वास देऊन काही सेकंद श्वास थांबवून ठेवतात, तेवढ्यात स्कॅन होतो. प्रत्यक्ष स्कॅन काही सेकंदांचा, फार तर मिनिटाचा. बाकी सगळा वेळ तयारीत आणि जागं होण्यात जातो.

किरण चालू असताना खोलीत कुणीही थांबत नाही, डॉक्टरही नाहीत. काचेपलीकडून भुलेच्या मॉनिटरवर लक्ष ठेवतात. "मी त्याला धरून उभा राहतो" हा तुमचा आग्रह मायेचा असला तरी तो मान्य होणार नाही. किरणांचं प्रमाण एक्स-रेपेक्षा बरंच जास्त असतं, म्हणून उगाच पुन्हा पुन्हा स्कॅन करू नये. कारण ठोस असेल तर मात्र या भीतीने तो टाळूही नये.

पाचवी पायरी: कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन समजून घ्या

आधी साधा स्कॅन, मग शिरेतून आयोडीनयुक्त औषध देऊन पुन्हा स्कॅन, असा बहुतेक वेळा क्रम असतो. आयोहेक्सॉल, आयोपामिडॉल ही नेहमीची नावं. साधारण दर किलो वजनाला ६०० ते ८०० मिलिग्रॅम आयोडीन जाईल एवढं देतात. औषध रक्ताबरोबर जातं, म्हणून जिथे रक्तपुरवठा जास्त तिथे प्रतिमा उजळते. गळवाची कडा उजळते आणि मध्य काळा राहतो. सुजेला आणि गाठीला वेगळं करायला हे उपयोगी पडतं. यकृत आणि रक्तवाहिन्यांसाठी औषध धमन्यांत असताना, मग यकृताच्या शिरेत पोचल्यावर आणि मग थोड्या वेळाने असे दोन-तीन स्कॅन घेतात. मूत्रनलिका पाहायची असेल तर किडनी ते औषध बाहेर टाकू लागेपर्यंत काही मिनिटं थांबतात.

इथे तुम्ही विचारायच्या दोन गोष्टी आहेत. किडनी कमजोर असेल तर औषध द्यायचं का आणि सोबत सलाईन किती द्यायचं? आणि मांजराला थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीनचा उपचार पुढे द्यायचा विचार आहे का? असेल तर तो आधीच सांगा. स्कॅनमधलं आयोडीन थायरॉइड ग्रंथीत भरून राहतं आणि त्यानंतर काही आठवडे तो उपचार नीट लागू होत नाही. ही गोष्ट विसरली जाते, कारण स्कॅन एक डॉक्टर करतात आणि थायरॉइडचा उपचार दुसरे.

अ‍ॅलर्जी क्वचितच होते. भुलेत असताना ती रक्तदाब किंवा नाडीच्या बदलातून कळते आणि म्हणूनच मॉनिटरवर नजर ठेवणारं वेगळं माणूस असायला हवं. "भूल कोण सांभाळणार आहे?" हे विचारायला अजिबात संकोच करू नका.

सहावी पायरी: घरी आणल्यानंतर

भूल उतरल्यावरचे पहिले तीन तास सगळ्यात जपायचे, शक्यतो दवाखान्यातच काढलेले बरे. घरी आल्यावर उबदार, जमिनीलगत, जिन्यापासून दूर जागा द्या. आधी पाणी, मग थोडं अन्न. संध्याकाळपर्यंत झोपाळलेलं राहणं, नळीमुळे एक-दोन दिवस हलका खोकला येणं यात काळजीचं काही नाही. हिरड्या पांढऱ्या पडणं, पुन्हा पुन्हा उलटी, तोंड सुजणं किंवा अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं, दिवसभरात लघवीच न होणं यांपैकी काही दिसलं तर लगेच फोन करा. सशाने संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही आणि लेंड्या टाकल्या नाहीत तरीही फोन करा, सकाळपर्यंत थांबू नका.

सातवी पायरी: रिपोर्ट समजून घ्या

रिपोर्ट हातात आला की लोक शेवटचा परिच्छेद वाचतात. ते चूक नाही, पण काही शब्द माहीत असले तर डॉक्टरांशी बोलणं सोपं होतं. 'हायपरअटेन्युएटिंग' म्हणजे आजूबाजूपेक्षा जास्त घन, म्हणून पांढरट. 'हायपोअटेन्युएटिंग' म्हणजे त्याउलट. 'कॉन्ट्रास्ट एन्हान्समेंट' म्हणजे औषधानंतर उजळलेलं. 'लायसिस' म्हणजे हाड खाल्लं गेलंय. 'मास इफेक्ट' म्हणजे काहीतरी शेजारच्या भागांना ढकलतंय. 'इन्सिडेंटल' म्हणजे सहज सापडलेलं, मूळ तक्रारीशी बहुधा संबंध नसलेलं. 'डिफरन्शिअल' म्हणून दोन-चार आजारांची नावं असतात, त्यांत पहिलं नाव सगळ्यात शक्य वाटणारं. ती नावं म्हणजे पक्कं निदान नव्हे.

कारण सीटी आकार, जागा आणि पसारा दाखवते, पेशी दाखवत नाही. 'कर्करोगाशी सुसंगत' असं लिहिलेलं असलं तरी कोणता कर्करोग हे सुईने काढलेल्या पेशींवरून किंवा तुकड्यावरूनच कळतं, आणि उपचार त्यावर ठरतो. मांजराच्या नाकातला लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कर्करोग) आणि दुसऱ्या प्रकारची गाठ स्कॅनमध्ये सारखी दिसू शकते, पण पुढचा रस्ता पूर्ण वेगळा असतो. केवळ स्कॅनवरून निरोप घेण्याचा, म्हणजे दयामरणाचा निर्णय करू नका, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. खोलवरच्या गाठीतून स्कॅनच्या मार्गदर्शनाने सुई घालता येते, म्हणून "त्याच भुलेत नमुना घेता येईल का?" हे स्कॅनआधीच विचारून ठेवा.

नॉर्मल रिपोर्टलाही मर्यादा आहे. लसिकाग्रंथीचा आकार नेहमीचा असला तरी आत कर्करोगाच्या पेशी असू शकतात. मेंदूचा सीटी नॉर्मल असला म्हणून मेंदूची सूज नाही असं होत नाही.

भेटीला जाताना पहिल्या पायरीतला तो कागद घेऊन जा आणि रिपोर्ट त्याच्या शेजारी ठेवा. आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात आलंय का? नसेल तर ते का आलं नाही आणि आता कशाने येईल, हे तिथेच विचारा.

आठवी पायरी: फाइल्स जपा

छापलेली फिल्म किंवा पीडीएफ पुरेशी नाही. मूळ प्रतिमा डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांच्या मूळ फाइलचा प्रकार) स्वरूपात सीडीवर, पेन ड्राइव्हवर किंवा लिंकने मागून घ्या. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यायचं तर हाडासाठी, फुप्फुसासाठी, मऊ ऊतींसाठी प्रतिमेचा उजळपणा बदलून पाहावा लागतो आणि ते मूळ फाइलवरच होतं. किरणोपचार ठरले तर त्यांचं नियोजनही सीटीच्या प्रतिमांवरच केलं जातं. मात्र त्यासाठी उपचाराच्या वेळी ज्या स्थितीत ठेवायचं त्याच स्थितीत जनावराला ठेवून बहुधा नवा स्कॅन घ्यावा लागतो, याची मनाची तयारी ठेवा. वाकड्या वाढलेल्या पायाची शस्त्रक्रिया असेल तर याच फाइलवरून हाडाचं खऱ्या मापाचं प्लास्टिकचं प्रतिरूप छापून घेता येतं आणि डॉक्टर त्यावर आधी सराव करतात.

काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायची वेळ आली, तर शक्यतो त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने करा आणि जुनी फाइल सोबत द्या. फुप्फुसातला दोन मिलिमीटरचा ठिपका आहे तेवढाच आहे की वाढलाय, हे जुन्या आणि नव्या चकत्या शेजारी शेजारी ठेवल्यावरच कळतं.